कमरेचा जोड

तोक्यो, ६ ऑक्टोबर १९८३

किनुए आत्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही हे पत्र शेगडीत घातलं नाहीत, असं धरून लिहिते. अकरा वर्षांत नववर्षाची अकरा कार्डं पाठवली. त्यांतल्या एकावरही छापील शुभेच्छांखाली स्वतःचा एक शब्द लिहायचं धाडस मला झालं नाही. तीन वर्षं तुमच्याकडे किमोनो शिवायला शिकले, तुमच्या माडीवर झोपले, तुमच्या हातचं जेवले. मग एके सकाळी ‘नव्या पद्धतीचे कपडे शिकायला तोक्योला जाते’ एवढी चिठ्ठी चहाच्या डब्याखाली ठेवून निघून गेले. त्याबद्दल आज लिहायला बसले नाही. बसले तर पत्र पुरं होणार नाही.

मी सेंदागायात सेगावा सरांच्या फॅशनच्या दुकानात आहे. सर चित्र काढतात, मी त्यावरून कागदाचे पॅटर्न करते. पुढच्या एप्रिलमध्ये आमचा शो आहे, आणि त्यासाठी सरांनी किमोनोवरून सहा कोट काढलेत. चित्रात फार देखणे दिसतात. अंगावर चढवले की मात्र मागून मानेवर येतात आणि पुढून गळा आवळतात. कोट घातलेल्या मुलीने हात वर केला की अख्खा कोट तिच्याबरोबर वर जातो. सहा वेळा पॅटर्न बदलून झाला. काल सर म्हणाले, “मिनागावा, तू किमोनोवाल्यांच्या घरातली ना? मग असं कसं?”

मी तीन वर्षं किमोनो शिवले, पण तो अंगावर तसा का बसतो हे कधी विचारलंच नाही. तुम्ही सांगाल का? सोबत फोटो ठेवलेत.

रित्सुको


तोकामाची, १५ ऑक्टोबर

रित्सुको,

मुळ्यांना मीठ लावायचं काम चालू आहे, म्हणून थोडक्यात. फोटोवरून कपडा कळत नाही. कोट पाठव.

तुझ्या वडिलांनी सांगितलं होतं की तू बारीक झाली आहेस. फोटोत कोट घालून उभी आहे ती तू नव्हेस, हे मला कळलं. तुझा फोटो का नाही पाठवलास?

किनुए


तोक्यो, २० ऑक्टोबर

आत्या,

कोट पाठवते आहे. लोकरीचा नमुना आहे, खरं कापड यायचं आहे. सांभाळून ठेवा असं काही नाही.

माझा फोटोही ठेवलाय. केस मी स्वतः कापलेत, तेव्हा त्याबद्दल काही बोलू नका.

रित्सुको


तोकामाची, १९ नोव्हेंबर

रित्सुको,

पहिला बर्फ पडून गेला. कोट परत पाठवते आहे. तो आता कोट राहिलेला नाही, तेवीस तुकडे आहेत. सगळा उसवला. किमोनोला आठ तुकडे पुरतात. तेवीस कशाला लागले, ते तुझ्या सरांना विचार.

आता एकेक सांगते.

गळ्याची खाच तू बरोबर खांद्याच्या घडीवर घेतलीस. ती दोन बोटं मागे ने. मग कोट मागच्या बाजूला ओढ घेईल, मान मोकळी राहील आणि पुढून आवळणार नाही. हे तू माझ्याकडे शंभर वेळा केलं आहेस. हाताने केलंस, डोक्याने नाही. चूक माझी, मी कधी सांगितलं नाही.

खांद्याला तू उतार दिलास. उतार माणसाला असतो. कपडा सरळ ठेव, अंगावर पडला की तो आपली वाट काढतो.

बाही काखेपर्यंत शिवून टाकलीस. खांद्यापासून एक वीत शिव आणि खाली सोडून दे. हात वर गेला तर बाही जाईल, कोट जागेवर राहील. वारा आत शिरेल म्हणशील. आमच्याकडे माणसाहून उंच बर्फ पडतो आणि आम्ही असंच घालत आलो.

शेवटचं. शिवणींच्या आतलं कापड तू कातरून फेकून दिलंस. ते पाहून मला राग आला. आत दुमडून ठेवायचं असतं. पुढे कोट जाड बाईकडे गेला तर ती काय करणार?

केसांबद्दल काही बोलत नाही.

किनुए


तोक्यो, १२ डिसेंबर

आत्या,

उसवलेले तुकडे सेगावा सरांनी मेजावर मांडून स्वतः मोजून पाहिले. मग मी तुम्ही सांगितलं तसा नवा पॅटर्न कापला. आठ नाही जमले, नऊ झाले. मलमलीत शिवून मुलीच्या अंगावर चढवला. तिने हात वर केला, खाली केला, गोल फिरली. कोट अंगावर जिथे होता तिथेच राहिला. सरांनी तो स्वतः घालून पाहिला, आरशासमोर दोन्ही हात वर केले आणि तसेच उभे राहिले. “या बाई कोण?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी आत्या. तर म्हणाले, “अकरा वर्षं काय झोपली होतीस?”

आता दुसरी अडचण. तुमच्या गावच्या ताकिनामींचा माग उन्हाळ्यात बंद झाला, तुम्हाला ठाऊकच असेल. त्यांच्या कोठारातली शेवटची सहा थानं सरांनी उचलली आहेत. जाड हातकताईचं रेशीम, गडद निळं, किमोनोचंच म्हणजे हातभर पन्ह्याचं. एका थानात एक कोट. असं कापड आता कोणी विणणार नाही. एक चुकलं तर दुसरं नाही.

आमच्याकडे कापायचं काम कुरामोची काका करतात. गेल्या आठवड्यात ते स्टेशनच्या जिन्यावर पडले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. सर म्हणतात, तू काप. आत्या, या अकरा वर्षांत मी कागद कापला, मलमल कापली. खरं कापड समोर आलं की काही तरी निमित्त काढून कुरामोची काकांना पुढे केलं. माझ्या हातून हे होणार नाही.

जानेवारीअखेर दोन दिवस तोक्योला याल का? तुम्ही फक्त कापा, बाकी सगळं आम्ही करू. स्टेशनवर घ्यायला मी येईन.

तुमचं अक्षर एवढं मोठं कधीपासून झालं? शाळेतल्या मुलीला लिहिल्यासारखं वाटतं.

रित्सुको


तोकामाची, १० जानेवारी १९८४

रित्सुको,

या वर्षी बर्फ भलताच आहे. छपरावरून चारदा उतरवून झाला. मला यायला जमणार नाही. कात्री दुसऱ्या कोणाच्या तरी हाती दे.

अक्षर नव्या ब्रशमुळे मोठं येतं.

किनुए


तोक्यो, १८ जानेवारी

आत्या,

तुमच्या चार ओळी मी कितीदा वाचल्या ते सांगत नाही. ‘कात्री दुसऱ्या कोणाच्या तरी हाती दे.’ म्हणजे तुम्हाला सगळं आठवतं. आठवणारच. मीच वेडी, ऑक्टोबरपासून वाटत होतं की तुम्ही विसरला असाल, नाहीतर माफ तरी केलं असेल. कोट उसवून पाठवलात तेव्हा तर मी आनंदाने रडले होते.

मग आता लिहूनच टाकते.

१९७२ सालचा मे महिना. ओनोझुकाकाकूंच्या आईने मरण्याआधी शेवटचं थान विणलं होतं, बारीक बाणांच्या नक्षीचं. काकूंनी ते स्वतः आणून तुमच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “आईचा हात आहे याच्यात, किनुए. सांभाळून.” तुम्ही कोणाच्या तरी दिवसांना गेला होतात. जाताना म्हणालात, खुणा करून ठेव, कापू नकोस, मी आल्यावर कापू. मी खुणा केल्या आणि मला वाटलं, कापूनच ठेवावं, आत्या खूश होईल. बाह्या कापल्या. उजवं अंग कापलं. डावं अंग कापलं आणि घडी मिटवायला घेतली, तर दोन्ही अंगं एकसारखी नव्हती. डावं एक वीत आखूड होतं. खूण मोजताना मी एक घडी चुकले होते.

ती वीत परत कुठून आणणार होते मी? विणणारी बाई मरून गेली होती.

थान कागदात जसंच्या तसं गुंडाळून कपाटात ठेवलं. दोन दिवस तुमच्यासमोर जेवले. तिसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघाले. चिठ्ठीत तोक्योचं जे लिहिलं ते खोटं नव्हतं, पण त्या सकाळी मी शिकायला जात नव्हते, पळून जात होते. ओनोझुकाकाकूंना तुम्ही काय सांगितलंत, त्या काय म्हणाल्या, आईचं ते कापड शेवटी कुठे गेलं, हे मला विचारवत नाही. पण रोज मनात येतं.

सरांना सांगेन की कापायला बाहेरचं कोणी बघा. तुम्ही रागावू नका. नाही, रागावा. काहीतरी लिहा पण.

रित्सुको


तोकामाची, २४ फेब्रुवारी

रित्सुको,

अक्षर वेगळं दिसेल. मी फुमी, तुझी ओनोझुकाकाकू. घाबरू नकोस आणि पत्र खाली ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आधी तुझ्या आत्याबद्दल. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दोन वर्षं कोणाला कळू दिलं नाही. मी गेले की सुईत दोरा माझ्याकडून ओवून घ्यायची आणि म्हणायची, चष्मा माडीवर राहिला. मला वाटायचं, म्हातारी आळशी झाली. जानेवारीत दारासमोर बर्फात कोरलेल्या पायऱ्या तिला दिसल्या नाहीत आणि बसली घसरून. हाड शाबूत राहिलं, पण दोन वर्षांचं सोंग उघडं पडलं. तुझ्या वडिलांना बोलावून तिला दवाखान्यात घातलं. तुला कळवायचं नाही, असा त्यांना दम भरला होता. “पोरीचा शो आहे, तिला मध्येच काही नको,” म्हणे. चौदा तारखेला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. छान झालं. डाव्याचं पुढच्या महिन्यात.

घर बंद असल्यामुळे तुझं पत्र पेटीत पडून होतं. मी ते इतर टपालाबरोबर दवाखान्यात नेलं. ही डोळ्याला पट्टी बांधून पडलेली.

“तोक्योहून पत्र आलंय. वाचू का?”

“वाच. कोटाबद्दल असेल.”

मी वाचायला लागले. माझ्या आईचं नाव आलं तशी ती म्हणाली, “फुमी, थांब.” मी थांबले नाही. शेवटपर्यंत वाचलं, मोठ्याने. शेजारच्या खाटेवरच्या बाईनेही ऐकलं असेल.

“माझ्या त्या किमोनोला जोड कुठे दिलायस?” मी विचारलं.

“कमरेला. ओबीच्या पट्ट्याआड जातो.”

“अकरा वर्षं माझी ओबी तूच बांधत आलीस.”

“हो.”

मी छत्री उचलली आणि घरी आले. चार दिवस गेले नाही. राग आला होता, रित्सुको. तुझा नव्हे, तुझं वय काय होतं तेव्हा. हिचा आला. माझ्या मुलाच्या लग्नात, आईच्या स्मरणदिनाला ही माझ्या मागे उभी राहून ओबी आवळत होती आणि एक शब्द बोलली नाही.

पाचव्या दिवशी किमोनो बाहेर काढला. बाहेरून जोड सापडेना. नक्षीतला बाणाला बाण जुळवलेला. आतून उलटा केला तेव्हा दिसला, दोन्ही बाजूंना सारखाच. उजव्या बाजूला जोडाची गरज नव्हती, तरी दिलेला, दोन्हीकडे सारखं वजन यावं म्हणून.  मग टेप घेतली आणि आईच्या वहीत थानाची लांबी लिहिलेली होती, तिच्याशी सगळे तुकडे जुळवून पाहिले. आईने विणलेलं सगळं त्यात आहे. एक बोटही कमी नाही.

मग तोच किमोनो घातला, वर बर्फाचे बूट चढवले आणि दवाखान्यात गेले. तिला दिसत नव्हतं, तर तिने हात पुढे करून बाहीला चाचपलं आणि म्हणाली, “या थंडीत हे घालून आलीस? भिजलं तर?” एवढंच बोलली. मग नाक पुसायला रुमाल मागितला.

आता ती सांगते आहे ते लिहिते. मध्ये आपलं काही घालायचं नाही, अशी तंबी आहे.

रित्सुको, डावं अंग वीतभर आखूड झालं तेव्हा ती वीत गेली कुठे, एवढा विचार तू केला असतास तर बरं झालं असतं. थान एकच. एका तुकड्याला कमी पडलं ते पुढच्या तुकड्याला जास्त मिळालं. समोरच्या पट्ट्यांसाठी जो तुकडा उरला होता तो वीतभर लांब होता. तेवढं त्यातून काढून घेतलं आणि कमरेला जोडलं. असं करतातच. उंच बाईचा किमोनो असला की मुद्दाम करतात. मला दोन दिवस लागले. तू थांबली असतीस तर तुझ्याकडूनच करून घेतलं असतं. तसंही पुढे तेच शिकवायचं होतं.

फुमीला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुझं नाव आलं असतं. मग वर्षं गेली आणि सांगायची लाज वाटायला लागली.

तू घाबरून गेलीस हे मला आज कळलं. माझी समजूत अशी की तुझं मन आधीच तोक्योला गेलेलं, वेंधळेपणाने कापलंस आणि मागे वळून बघायचीही तुला गरज वाटली नाही. त्याचा मला राग होता. मीही काही कमी नाही. अकरा वर्षं मी स्वतःशी तुझ्या तक्रारी सांगत बसले, तुला विचारलं नाही.

‘कात्री दुसऱ्या कोणाच्या तरी हाती दे’ म्हणजे माझ्या हाती नको. मला खूण दिसत नाही, मी कापणार कशी? हे लिहायला जड गेलं म्हणून वाकडं लिहिलं. तुझ्या हाती नको असं मी का म्हणेन? तीन वर्षं कोणाला शिकवलं मी?

काप.

किनुए
(अक्षर फुमीचं)


तोक्यो, २७ फेब्रुवारी

आत्या, आणि काकू,

पत्र मी दुकानाच्या जिन्यावर उभी राहून उघडलं आणि पायरीवर बसून संपवलं. खालून सर आले, त्यांनी विचारलं, “कोणी गेलं का?” मी म्हटलं, नाही, कोणी गेलं नाही, उलट. त्यांना काही कळलं नाही. ते मला ओलांडून वर गेले.

काय लिहावं सुचत नाही. आज दुपारी मी जेवले, तर भाताला चव होती. एवढंच सांगता येतं.

डावा डोळा झाला की लगेच कळवा. वडिलांना मी फोनवर खूप बोलले.

बाहेरचा कापणारा अजून ठरला नव्हता. मी सरांना सांगितलंय की मी कापेन. पण एक विचारायचं आहे. आमच्या सहा मुलींत एक खूपच उंच आहे आणि एक माझ्याएवढी. एका थानात उंच मुलीचा कोट जेमतेम बसतो. सर म्हणतात, कोट कोणीही घेऊ शकेल असा हवा. कमरेला जोड दिला तर आत कापड दुमडून ठेवता येईल का, म्हणजे हवं तेव्हा सोडता येईल? पण कोटाला ओबी नसते. जोड सगळ्यांना दिसेल.

रित्सुको


तोकामाची, ५ मार्च

रित्सुको,

फुमीच लिहिते आहे. सांगतेय मी.

ओबी नाही, तर जोड लपवायचा कशाला? लपवायचा म्हणून तो तिथे घातला नव्हता, कापड पुरवायचं म्हणून घातला. दिसू दे. फक्त सरळ असू दे. दिसणारी शिवण वाकडी असेल तर मी तुझ्या सरांना पत्र लिहीन.

आत वीतभर दुमड ठेव, आणि हाताने घाल तो टाका. मशीनचा टाका उसवला की कापडावर भोकं राहतात. हातचा टाका उसवला की कापड तसंच असतं. सहा कोट आहेत, सहाशे नाहीत. माणसं लावा आणि हाताने करा.

डावा डोळा चौदाला.

(किनुएला मी आज विचारलं, अजून काय काय लपवलंयस माझ्या किमोनोत. म्हणाली, दोन वर्षांपूर्वीचा सोयाबीनच्या सॉसचा डाग, तो तूच पाडलास. — फुमी)

किनुए


तोक्यो, १४ एप्रिल

आत्या,

शो झाला. सगळं नीट सांगते, कारण काकू मोठ्याने वाचतील आणि शेजारच्या खाटेवरची बाई ऐकत असेल. अजून दवाखान्यातच आहात की घरी? वडील म्हणाले दोन्ही डोळे उत्तम झाले. त्यांच्याकडून ऐकून विश्वास बसत नाही, तुम्ही लिहा.

कापायच्या दिवशी मेजावर पहिलं थान उलगडलं. कुरामोची काका मुद्दाम आले होते, मनगट अजून नीट वळत नसलं तरी. मी खुणा केल्या, पुन्हा मोजल्या, पुन्हा मोजल्या. चौथ्यांदा मोजायला लागले तसे ते म्हणाले, “अकरा वर्षं तू मला पुढे करतेस. मला कळत नव्हतं असं वाटलं?”

“मग विचारलं का नाहीत?”

“मला कापायला आवडायचं.”

मी हसले आणि हसता हसता कात्री चालवली. पहिला काप सरळ गेला. आत्या, जाड रेशीम कापताना जो आवाज येतो तो मी विसरूनच गेले होते. संध्याकाळपर्यंत तीन थानं झाली. घडी मिटवताना दर वेळी कडेला कड जुळायची. सहावं थान मिटवलं तेव्हा काकांनी डाव्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली आणि भाजलेल्या ईल माशाचं जेवण दिलं.

जोडाला लाल दोरा घालावा अशी सरांची टूम होती. मी नको म्हटलं. त्याच निळ्या दोऱ्याने केला. आम्ही चौघी जणींनी तीन आठवडे हाताने शिवलं.

शोच्या दिवशी टाळ्या झाल्या, तेवढ्या सगळ्यांनाच होतात. खरं झालं ते नंतर. दोन दुकानांच्या खरेदीच्या बाया मागे आल्या. एक पॅरिसची, दरवाजातून वाकून येईल एवढी उंच. दुसरी ओसाकाची, साठीची, माझ्या खांद्याला लागेल एवढी. दोघींनी एकाच कोटाला हात घातला. ओसाकाच्या बाईंनी घातला, त्यांना बसला. पॅरिसच्या बाईने घातला तर गुडघ्याच्या बराच वर राहिला. ती हळहळली आणि काढायला लागली. मी म्हटलं, थांबा. तिला स्टुलावर बसवलं, कोट मांडीवर घेतला आणि कमरेचा टाका तिच्यासमोर उसवला. सरांचा चेहरा पांढरा पडला. वीतभर कापड आतून बाहेर आलं. इस्त्री फिरवली, कच्चा टाका घातला, पुन्हा तिच्या अंगावर चढवला. बसला. घडीची रेघसुद्धा दिसेना. ओसाकाच्या बाई शांतपणे म्हणाल्या, “मी म्हातारी होऊन वाकेन तेव्हा माझा आणखी आत घेता येईल म्हणजे.”

सहाही गेले. सर ताकिनामींना फोन करून बसलेत, माग विकला नसेल तर पुन्हा लावाल का म्हणून. ते अजून हो म्हणाले नाहीत, पण माग विकलेला नाही.

कार्यक्रमाच्या पत्रिकेत सरांनी खाली एक ओळ छापली: ‘जोड — मिनागावा किनुए, तोकामाची.’ मी सुचवलं नव्हतं. पत्रिका सोबत आहे. आणि मलमलीतल्या पॅटर्नवरून मी तुमच्यासाठी एक कोट शिवलाय, साध्या सुती कापडाचा, तोही पाठवते. त्याची काजं अजून राहिलीत, वेळ झाला नाही.

रित्सुको


तोकामाची, २ मे

रित्सुको,

हे माझं अक्षर. बघ किती लहान आलंय.

घरी येऊन तीन आठवडे झाले. अंगणात अजून कमरेइतका बर्फ आहे, पण कडेने कडू कोंब वर आलेत. ते हिरवे आहेत. दोन वर्षं मी ते राखाडी समजून खात होते. आरशात पाहिलं तर कोणी तरी फार म्हातारी बाई होती. घरात इतकी धूळ आहे आणि फुमीने मला कधी सांगितलं नाही. तिला म्हटलं, तर म्हणाली, आता फिट्टंफाट झाली.

एक गोष्ट तुला सांगते, कोणाला सांगू नको. दिसायला लागल्यावर पहिला आनंद झाला आणि लगेच भीती वाटली. या दोन वर्षांत मी चौदा किमोनो शिवले, निव्वळ बोटांनी. ते कसे झाले असतील? रात्रंदिवस तेच. शेवटी फुमीला गावभर फिरवलं. ‘किनुएला जरा तपासायचंय’ असं सांगून तिने एकेक आणला. खिडकीशी बसून मी प्रत्येकाची प्रत्येक शिवण पाहिली. तेरा सरळ. चौदाव्याची, सोबाच्या शेवया विकणाऱ्या किशीच्या बायकोच्या किमोनोची, डावी बाही अर्ध्या बोटाने आखूड. तिला कळलंही नव्हतं. मी सांगितल्यावर म्हणाली, तरीच माझं मनगट गार पडायचं. उसवून नीट करून दिली. शेवटच्याची घडी करून ठेवली आणि मी थंडीतच खिडकी सताड उघडली. फुमीने विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, काही झालेलं नाही.

पत्रिका देवापाशी ठेवलीय. तुझे सर बरे वाटतात, तेवीस तुकड्यांचं सोडलं तर.

ताकिनामी काल घरी आले होते. मागाला तेल घालताहेत, म्हणाले. हो म्हटलं नाही. पण तेल घालताहेत.

कोट पोचला. जोड तपासला. सरळ आहे. दुमड बोटभर जास्त ठेवलीस, ती मला आवडली. घालून बाजारात गेले. सोबावाल्याने विचारलं, हा किमोनो की कोट? मी म्हटलं, भाचीला विचार, ती या महिन्यात येणार आहे. आता मी असं सांगून बसले आहे, तर ये.

काजं मीच पुरी करावी म्हणून बसले होते. रित्सुको, मी आयुष्यात काज केलेलं नाही. किमोनोला बटणच नसतं, तर करणार कुठे? एका चिंधीवर चार करून पाहिली, चारही उंदराने कुरतडल्यासारखी झाली. येशील तेव्हा मला शिकव. हळू सांग, आणि चुकले तर ओरडू नकोस. मला सवय नाही.

किनुए